वैशाखातले थंड पाणी



आखाजी झाली, वर्षीतपाची पारणी आटोपली, की जळगाव-धुळ्याकडील घरांत दुपारी बाराच्या आत खिडक्या बंद होतात. पारा 43-44 अंशांवर जाणार हे ठरलेलेच. भुसावळ-जळगाव पट्ट्यात तो 45च्या पुढे गेलेला आपण पाहिला आहे. गच्चीवरच्या काळ्या टाकीतले पाणी अशा दिवशी सायंकाळी सातलाही अंगावर घेववत नाही. म्हणूनच थंड पाण्याच्या टबात काही मिनिटे बसण्याची नवी रीत आपल्या तरुणांना मोहवू लागली, यात नवल नाही. त्यासाठी लागणारे पाणी गार करणारे यंत्र, म्हणजे चिलर, कसे निवडावे, अशी विचारणा काही वाचकांनी केली. विषय आमच्याच घरी निघाला होता, म्हणून अनुभवासह लिहितो.

चिरंजीव पहाटे धावण्याचा सराव करतात. उन्हाळ्यात सहा वाजताच अंगाची लाही होते, तेव्हा घरी टब आणि चिलर घ्यावा, असे त्यांनी सुचविले. विक्रेता माहितीपत्रके घेऊन आला. मातोश्री शेजारीच बसल्या होत्या. त्या रोज चौदा नियम धारतात आणि त्यांतील न्हाणाची मर्यादा एक बादली एवढी ठेवतात. सर्व ऐकून त्यांनी एवढेच विचारले, “हे पाणी किती दिवस साठवून ठेवणार?” ओझोनची सोय असल्याने तीन-तीन महिने बदलावे लागत नाही, असे विक्रेत्याने अभिमानाने सांगितले. “म्हणजे जीव उपजू द्यायचे आणि यंत्राने मारायचे,” मातोश्री म्हणाल्या. विक्रेत्याजवळ उत्तर नव्हते. खरे तर माझ्याजवळही नव्हते.

त्या प्रश्नाने आमचा हिशेबच बदलला. यंत्राची अश्वशक्ती विचारण्याआधी आम्ही तीन गोष्टी कागदावर मांडल्या: पाणी किती, किती गार, आणि वर्षातील किती महिने.

शेवटचा प्रश्न आधी घेऊ, कारण खान्देशाला तो सर्वाधिक लागू आहे. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातील किमान तापमानाची नोंद डिसेंबर-जानेवारीत वर्तमानपत्रांत झळकते. सहा-सात अंश तेथे अनोळखी नाहीत. त्या दिवसांत पहाटेचे टाकीतले पाणी आपसूकच गार असते. थंड प्रदेशातील तज्ज्ञ सांगतात म्हणून बारमाही यंत्र चालविण्याचे आपल्याला कारण नाही. आपली गरज फाल्गुनाच्या अखेरीपासून मृगाच्या पावसापर्यंतची.

आता किती गार? परदेशी चित्रफितींत बर्फ तरंगणाऱ्या पाण्यात उतरणारी मंडळी दिसतात. परंतु बाहेर 40 अंश असताना 18-20 अंशांचे पाणीही अंगाला चांगलेच झोंबते. गांधीजींनी 1946 साली उरुळी कांचन येथे निसर्गोपचाराचे काम सुरू केले. त्यांना प्रिय असलेले लुई कूने यांचे कटिस्नान साध्या थंड पाण्याचे असते, आणि तेही कमरेपुरते. एवढ्या थोड्या पाण्यात काम भागते, ही गोष्ट आज आपण विसरलो आहोत.

हिशेब असा. टबात 300 लिटर पाणी, सायंकाळचे 34 अंश, ते 18वर आणायचे. लिटरमागे अंशाला एक किलोकॅलरी, म्हणजे 4,800 किलोकॅलरी उष्णता बाहेर काढावी लागेल. हेच बर्फाने करायचे तर रोज सुमारे 50 किलो बर्फ हवा. अर्ध्या टनाचे यंत्र तासाला 1,500 किलोकॅलरी काढते, म्हणजे कागदावर सव्वातीन तास. मात्र कागद आणि जळगाव यांत अंतर आहे. यंत्र उष्णता नष्ट करीत नाही, ती पाण्यातून उचलून हवेत टाकते. आणि हवाच 43 अंशांची असेल तर ते काम त्याला जड जाते. चार-पाच तास धरावेत. म्हणून खरेदीच्या वेळी नुसती अश्वशक्ती विचारू नये. बाहेर किती तापमान असताना ही क्षमता मोजली, हे विचारावे. वातानुकूलन यंत्रांत टी-1 म्हणजे 35 अंशांवर आणि टी-3 म्हणजे 46 अंशांवर तपासलेले, अशी वर्गवारी असते. खान्देशासाठी दुसरी हवी. उत्तर देता न येणाऱ्याकडून यंत्र घेऊ नये.

त्याहून महत्त्वाचा आहे टब. आवरण नसलेला, उघडा टब 18 अंशांवर ठेवला, तर भोवतालच्या हवेतून त्यात सतत साधारण 400 वॅट उष्णता शिरते. चोवीस तासांत ती पाणी पहिल्यांदा गार करताना काढलेल्या उष्णतेच्या दीडपटीहून अधिक होते! चारही बाजूंनी आणि तळाला दोन इंच फोम, वर घट्ट बसणारे झाकण, एवढे केले की ही गळती जवळजवळ दशांशावर येते. पैसे मर्यादित असतील तर ते आधी झाकणावर खर्च करावेत, यंत्रावर नंतर. झाकणाने डास आणि किडे पाण्यात पडून मरणेही थांबते. आपल्या घरी हे कारण पहिले असावे.

जागेच्या बाबतीत आम्ही स्वतः चूक केली. पाहुण्यांना दिसू नये म्हणून यंत्र बंद मोरीत ठेवले. त्याने टाकलेली गरम हवा तेच पुन्हा ओढू लागले आणि वैशाखातील तिसऱ्या दिवशी बंद पडले. दोष यंत्राचा नव्हता. आता ते उत्तरेच्या व्हरांड्यात, मागेपुढे दोन-दोन फूट मोकळे सोडून ठेवले आहे. आपल्याकडील धूळ जाळीवर थर धरते. दर आठवड्याला मऊ ब्रशने ती झाडावी. बोअरच्या जड पाण्यात तांब्याची नळी फार टिकत नाही, म्हणून पाण्याला लागणारा भाग टायटॅनियमचा किंवा चांगल्या स्टेनलेस स्टीलचा असावा. विजेविषयी तडजोड नको: स्वतंत्र 16 अँपिअरची जोडणी, खात्रीचे अर्थिंग, 30 मिलिअँपिअरचे आरसीसीबी आणि टबातून हात पोहोचणार नाही अशा अंतरावर प्लग. मी तर पाण्यात उतरण्यापूर्वी प्लगच काढावयास सांगतो.

आता मातोश्रींच्या प्रश्नाकडे. स्थावर जीवांत अप्काय आहे, हे आपण लहानपणापासून पाठ केले. रोज 300 लिटर भरून सोडून दिले तर अप्कायाची विराधना, शिवाय ज्या वसाहतींत नळाला रोज पाणी येत नाही तेथे शेजाऱ्याच्या वाट्याचा प्रश्न. महिनोन्महिने साठवले तर त्यात त्रस जीवांची उत्पत्ती, आणि मग ओझोन किंवा क्लोरिन. विजेचा विचार केला तर दीपनगरचा कोळसा, म्हणजे तेउकाय. निर्दोष वाट नाहीच. संसारी माणसाला ती बहुधा नसते. परंतु विनाकारण पाणी सांडणे आणि अग्नी पेटविणे याला आपल्या आचार्यांनी अनर्थदंडातील प्रमादचर्या म्हटले आहे, आणि कारण कोणते व किती, हे ठरविणे आपल्या हाती आहे. आम्ही ठरविले ते असे. टब 300 लिटरचा असला तरी भरायचा निम्माच, गाळूनच. उतरण्यापूर्वी आधी साध्या पाण्याने अंग धुवायचे, तेल-साबण लावून आत जायचे नाही. पाणी लवकर खराब होते ते त्यामुळेच. तीन दिवसांनी पाणी काढून निंबाच्या आणि लिंबाच्या आळ्यात घालायचे. त्यामुळे औषध टाकण्याची पाळी येत नाही आणि झाडांचे रोजचे पाणी वाचते.

मातोश्रींनी आणखी एक उपाय दाखविला, जो मला आधी सुचायला हवा होता. सावलीत लोखंडी पिंप, त्याभोवती ओले गोणपाट आणि समोर पंखा. कोरड्या हवेत माठ पाणी गार करतो ते याच न्यायाने. आमच्या पिंपातले पाणी रात्रभरात 26 अंशांवर आले. त्यानंतर चिलरला उरले केवळ आठ अंश! ज्यांना 26 अंश पुरेसे वाटतात, त्यांनी यंत्र घेऊच नये. गोणपाटावर शेवाळ धरू देऊ नये, ते अनंतकाय. म्हणून दोन गोणपाटे ठेवून एक रोज उन्हात कडक वाळवावे.

आरोग्याविषयी थोडे, पण आग्रहाने. थंड पाण्यात एकदम उतरताच श्वास अडकल्यासारखा होतो, नाडी आणि रक्तदाब झपाट्याने वाढतात. हृदयविकार, उच्च रक्तदाब किंवा अनियमित ठोके असणाऱ्यांनी आणि गर्भवती भगिनींनी डॉक्टरांच्या अनुमतीवाचून हा प्रयोग करू नये. धुळ्याचे माझे धाकटे बंधू, ज्यांची अँजिओप्लास्टी झालेली आहे, ते सुट्टीत आले आणि थेट टबाकडे निघाले. त्यांना अडविताना घरात कडू शब्द झाले. झाले तरी चालतील. उपवास, अठ्ठाई किंवा वर्षीतपाच्या काळात तर टबाकडे फिरकूच नये. एकट्याने उतरू नये, दोन-तीन मिनिटांपलीकडे बसू नये. व्यायामशाळेत वजने उचलणाऱ्या तरुणांसाठी एक माहिती: 2015 साली ‘जर्नल ऑफ फिजिऑलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या बारा आठवड्यांच्या अभ्यासात, व्यायामानंतर लगेच 10 अंशांच्या पाण्यात बसणाऱ्यांच्या स्नायूंची वाढ कमी आढळली. आणि घरात कोणाला उष्माघात होऊन शुद्ध हरपू लागली, तर टब गार होण्याची वाट पाहू नये. सावलीत निजवून अंग ओले करावे, वारा घालावा आणि 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

चातुर्मासात आमचे यंत्र बंद असते. आषाढी चौदशीच्या आठवडाभर आधी टब रिकामा करून पुसून कोरडा करतो, नळ्यांतले उरलेले पाणी फुंकून काढतो, गाळणी उन्हात वाळवितो. चिरंजीवांनी झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटविला आहे: दिवसातून एकदा, तीन मिनिटे, निम्मा टब. त्याखाली मातोश्रींनी पेन्सिलीने लिहिले आहे, “आठम-चौदस बंद.” चिरंजीवांनी ते अद्याप खोडलेले नाही.