शिळं पाणी

माणूस ओळखायचा असेल तर त्याचं भाषण ऐकत बसू नये, त्याला पाणी वापरताना पाहावं, असं माझं मत हळूहळू पक्कं होत चाललंय. हसू नका! भाषण माणूस तयारी करून देतो. पाण्याचा तांब्या मात्र तो विचार न करता उचलतो, आणि खरा माणूस त्या न केलेल्या विचारातच सापडतो.

आमचं देवगाव रंगारी कन्नड तालुक्यातलं. मराठवाड्यातल्या कुठल्याही गावासारखी इथल्याही जुन्या माणसांना पाण्याची किंमत कुणी शिकवावी लागली नाही. भाजी धुतलेलं पाणी तुळशीला, आंघोळीचं पाणी परसातल्या झाडांना. दारात आलेल्याला आधी पाणी, मग "काय काम काढलं?" हा प्रश्न. यात कुणाला आपण काही मोठं करतोय असं वाटत नाही, आणि मला नेमकं तेच आवडतं.

आता दुसरी बाजू. नळाला पाणी आलं की आधीचं भरलेलं सगळं "शिळं" म्हणून मोरीत ओतून द्यायचं, ही सवयही आपल्याच घरांतली. काल भरलेलं पाणी आज शिळं होत असेल, तर जायकवाडीत वर्षभर साठलेलं पाणी नळातून येताना ताजं कसं काय होतं बुवा? झाकून ठेवलेलं पाणी एका रात्रीत नासत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण हात ऐकत नाही. आणि हे त्या जिल्ह्यात, जिथल्या मुख्य शहराने कित्येक वर्षं नळाच्या पाण्यासाठी चार-चार, आठ-आठ दिवस वाट पाहिली!

यावर कुणी म्हणेल, अहो, टंचाईत सगळेच काटकसर करतात, त्यात स्वभावाचा काय संबंध? मुद्दा बरोबर आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीत सुमारे पाच लाख लिटर होतं. त्या दिवसांत लातुरात पाणी जपून वापरणं हा गुण नव्हता, गरज होती. म्हणून मला वाटतं, खरी परीक्षा पाऊस चांगला झाल्यावर असते. टाकी भरून वाहत असताना जो उठून कॉक बंद करतो, त्याची ती सवय त्याची स्वतःची. बाकीच्यांची सवय दुष्काळाची!

गाडगेबाबांचं (१८७६-१९५६) मोठेपण मला इथेच दिसतं. गावात शिरले की आधी हातात खराटा, दिवसभर झाडलोट, आणि रात्री कीर्तन. कीर्तन आधी ठेवलं असतं तरी लोक जमले असतेच की. पण त्यांनी हात आधी चालवले, तोंड नंतर. सेनापती बापटही पारनेरला पहाटे उठून गावचे रस्ते झाडत. बॉम्बची विद्या शिकून आलेला हा क्रांतिकारक! सत्याग्रह रोज करायला मिळत नाही, झाडू मात्र रोज हातात घेता येतो. पुढे सरकारने गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान काढलं, चांगलंच केलं. पण अभियानाला तपासणीची तारीख असते, सवयीला नसते. समिती येऊन गेल्यावर आठ दिवसांनी गाव कसं दिसतं, ते खरं गाव.

आता जरा अवघड गोष्ट. थेंब थेंब वाचवणारा हातच कामावर आलेल्या गड्यासाठी वेगळा पेला काढतो, किंवा त्याला वरून ओंजळीत पाणी ओततो, हे मी पाहिलंय. तोही विचार न करता. विचारलं तर उत्तर येतं, "पहिल्यापासून तसंच आहे." २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्यावर ओंजळभर पाणी प्यायलं, त्याला आता शंभर वर्षं होत आली. कायदा बदलला, तळं खुलं झालं. घरातल्या फळीवरचा तो कोपऱ्यातला पेला मात्र काही घरांत अजून आहे. अशा घराला मी काटकसरी म्हणेन, पण चांगलं म्हणताना जीभ अडखळेल.

सवय निरुपद्रवी असते हा आपला मोठा गैरसमज आहे. आपण जे नकळत करतो त्याचा दोष नाही, असं आपल्याला वाटतं. पण समोरच्याला ते नकळत लागत नाही ना!

असो. नातेवाईक मंडळी वाचतायत हे माहीत आहे, आणि काहींना राग येईल हेही. येऊ दे. मुलं आपण सांगितलेलं ऐकत नाहीत, हात बघतात. कोणता पेला कुणासाठी काढायचा, हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं, तरी त्यांना येतं. तेव्हा शिळं ओतूनच द्यायचं असेल तर पाणी राहू द्या. तो वेगळा पेला आधी काढा.