सिद्दींचा ढोल आणि आमचा अभ्यास

दलित साहित्याचा विषय निघाला की आम्ही मराठीचे प्राध्यापक हटकून अमेरिकेला जातो. १९७२ साली दलित पँथरने नावच तिथल्या ब्लॅक पँथरवरून घेतले, तेव्हा त्यात गैर काही नाही. पण वर्गात आम्ही सांगतो ते असे, की आफ्रिकेतला ढोल गुलामांनी प्राणपणाने जपला आणि अमेरिकेत जसाच्या तसा वाजविला. ही समजूत भाबडी आहे.

ढोल तसा राहिला नाही. राहू दिला गेला नाही. साउथ कॅरोलिनात १७३९ साली स्टोनोचे बंड झाले, बंडवाले ढोल वाजवीत निघाले होते. पुढच्याच वर्षीच्या कायद्याने गुलामांना ढोल बाळगण्यास बंदी झाली. मग ताल टाळ्यांत आणि पायांच्या ठेक्यात शिरला. क्यूबात लाकडी खोकी वाजू लागली. त्रिनिदादमध्ये १८८० च्या दशकात ढोलांवर निर्बंध येताच लोकांनी बांबूच्या नळ्या जमिनीवर आपटल्या आणि पुढे तेलाच्या पिंपांतून स्टीलपॅन घडविला. (त्याच बेटावर गिरमिटियांसोबत गेलेला ताशा 'तासा' या नावाने आजही वाजतो. आपल्या मिरवणुकीतल्या ताशाचाच तो भाऊबंद!)

आता घराकडे पाहू. आम्ही हे चिरनेरहून लिहितो आहोत. जंजिरा याच रायगड जिल्ह्यात आहे. 'सिद्दी' म्हटले की आमच्या ऐतिहासिक कादंबरीला किल्ला आणि तोफ तेवढी आठवते. हिंदी महासागर ओलांडून आलेले, आणलेले इतर आफ्रिकी लोक तिच्या खिजगणतीत नाहीत. भरूच जिल्ह्यात रतनपूरला बावा गोरच्या दर्ग्यावर सिद्दींचा 'गोमा' होतो. हा शब्द बांटू भाषांतल्या 'न्गोमा'चा वंशज. ढोल आणि नाच दोन्ही त्यात आले. त्यांचा मुगरमान हा पाय असलेला उभा ढोल. हीच मंडळी रंगमंचावर 'सिद्दी धमाल' करू लागली की आमचेच सहकारी 'अस्सलपणा गेला' म्हणून नाक मुरडतात. जाझ बदलला तर ती निर्मिती आणि सिद्दी बदलले तर ऱ्हास, हा न्याय कुठला?

उत्तर कन्नड जिल्ह्यातले सिद्दी तर कोकणी बोलतात, दमाम वाजवितात. लोकसाहित्याच्या अभ्यासपत्रिकेत गोंधळ आणि दशावतार यांच्या शेजारी त्यांना जागा द्यावी, असे आम्ही सुचविले, तेव्हा 'ते मराठी नाहीत' हे उत्तर मिळाले. हार्लेमबद्दल हाच आक्षेप कोणी घेतल्याचे आमच्या ऐकिवात नाही.