विझलेल्या लाव्हावरून धगधगत्या लाव्हाकडे

ठाणे आणि कल्याण यांच्या दरम्यानचा पारसिकचा डोंगर, 1916 साली ज्याच्या पोटातून रेल्वेचा बोगदा निघाला, तो बेसाल्टचा, म्हणजे भेगांतून वाहत येऊन थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या खडकाचा आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या या लाव्हात अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या पुढे खनिजांनी भरल्या. फोडलेल्या दगडावर दिसणारे पांढरे ठिपके ते हेच. वज्रेश्वरी-अकलोलीची गरम पाण्याची कुंडे पाहून जमिनीखाली अजून विस्तव असल्याचा समज होतो, परंतु तेथे भेगांतून खोल मुरलेले पाणी भूगर्भातील नेहमीच्या उष्णतेने तापून वर येते, एवढेच.

जागृत ज्वालामुखी पाहायचा तर डोंबिवलीकराला दूर जावे लागते. भारतातील एकमेव असा ज्वालामुखी अंदमानातील बॅरन बेटावर असून तो बोटीतूनच पाहावा लागतो. त्यामुळे प्रत्यक्ष चढाईसाठी बालीतील 1717 मीटर उंचीच्या बातूरसारखी शिखरे निवडली जातात. पहाटेच्या अंधारात चढायचे असल्याने विजेरी, स्वेटर आणि पकड असलेले बूट ही तयारी सहल कंपनीच्या यादीत असतेच, आणि खाऊच्या डब्यांची आठवण तर कोणाला करून द्यावी लागत नाही. यादीत बहुधा नसतो तो वायूचा विचार. जळत्या काडीसारखा उग्र वास असलेला सल्फर डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्याने खोलगट जागी साचतो, रुमालाने किंवा साध्या मास्कने अडत नाही आणि दम्याच्या रुग्णाला तत्काळ त्रास देतो. ज्वालामुखीची राख म्हणजे चुलीतील राख नव्हे. ती काचेचे व खडकाचे धारदार कण असल्याने डोळ्यांसाठी कॉन्टॅक्ट लेन्सऐवजी चष्मा बरा.

तथापि खरी तयारी पैशांची आहे: ज्वालामुखीच्या इशाऱ्याची पातळी वाढल्यास चढाई कोण रद्द करणार आणि भरलेली रक्कम परत मिळणार का, हे आरक्षणापूर्वीच लेखी विचारावे, कारण ‘इतके पैसे मोजले, आता वर जायचेच’ हा हट्ट सहलीच्या बसमध्ये फार लवकर संसर्गजन्य होतो. वाटाड्या सोबत असणे पुरेसे नसते. न्यूझीलंडमधील व्हाकारी बेटावर 9 डिसेंबर 2019 रोजी वाटाड्यांसह 47 जण असताना अचानक स्फोट झाला आणि त्यांपैकी 22 जण दगावले. त्या वेळी शून्य ते पाच या मोजपट्टीवर इशाऱ्याची पातळी दोन होती.