टाळूवरचा व्रण आणि घरगुती निदान

‘तोंड आले आहे, उष्णता झाली असेल’, हे निदान मेहकर-लोणारपासून जळगाव जामोदपर्यंत घराघरांत होत असते. मग तूप, गुलकंद, ज्येष्ठमध; उतार न पडल्यास औषधाच्या दुकानातून बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतेही, कारण साधा फोड आठ-दहा दिवसांत आपोआप भरतो. घात होतो तो या ‘बहुतेक वेळा’मुळेच.

टाळू ही मुखातील सर्वांत उपेक्षित जागा. ओठ-गाल आरशात दिसतात. टाळू पाहायची तर मान मागे टाकावी लागते आणि विजेरी धरायला दुसरे कुणी लागते. नेहमीचे फोड गाल-ओठांच्या मऊ अस्तरावर उठतात, कठीण टाळूवर क्वचितच. म्हणूनच तेथील व्रणाचे कारण शोधले पाहिजे. ते गरम चहाचा चटका असेल, नीट न बसणारी कवळी असेल किंवा नागीणही असेल. टाळूत लहान लाळग्रंथी विखुरलेल्या असतात. त्यांचा रक्तपुरवठा तुटला की जाणत्या डॉक्टरलाही कर्करोग वाटावा असा खोल व्रण पडतो आणि काही आठवड्यांत आपणहून भरतो. उलट, त्याच ग्रंथींत वाढणारी कर्करोगाची गाठ प्रारंभी बहुधा दुखतही नाही. ‘दुखत नाही, म्हणजे काळजी नाही’ हा निकष येथे पार कुचकामी ठरतो.

आणि विदर्भात खर्रा आहे. सुपारी, तंबाखू, चुना घोटून झालेली ही पुडी आता शाळकरी मुलांच्या खिशातही सापडते. गुटख्यावर २०१२ साली बंदी आली. खर्ऱ्याची सवय मात्र राहिली. सुपारीने टाळूचा मागचा मऊ भाग पांढुरका, ताठर होतो, तिखट सोसत नाही, तोंडात तीन बोटे उभी शिरेनाशी होतात. ही कर्करोगाची पूर्वसूचनाच होय. तंबाखूची किंमत महाराष्ट्राने आर. आर. पाटील यांच्या रूपाने २०१५ साली मोजली आहे.

दोन आठवड्यांत न भरलेला व्रण डॉक्टरांना वा दंतवैद्यांना दाखवावा आणि त्यांनी सुचविल्यास तुकडा तपासून घ्यावा, एवढाच नियम. टाळू काळी पडली असेल तर मात्र एक दिवसही थांबू नये. २०२१ मध्ये करोनातून उठलेल्या अनेक मधुमेही रुग्णांच्या टाळूवर बुरशीचा असाच काळा डाग दिसला होता, आणि उशिराने कित्येकांचा डोळा गेला, कित्येकांचे प्राण गेले.

अडते ते एका समजुतीपाशी. ‘तुकडा काढला की रोग पसरतो’, असे घरातील वडीलधारेच सांगतात आणि शिकलेली मुले गप्प बसतात. तुकड्याच्या तपासणीने तोंडाचा कर्करोग पसरत नाही. तपासणी टाळण्यात गेलेल्या महिन्यांत तो पसरतो, आणि मग ‘हात लावला म्हणून वाढला’ असा दाखला गावभर होतो. आपली आरोग्य शिबिरेही रक्तदाब आणि साखर मोजून थांबतात. रांगेतील प्रत्येकाला कवळी काढून तोंड उघडायला सांगायचे, तर डॉक्टरांशेजारी विजेरी धरणारा एक कार्यकर्ता पुरतो.