पेन्शन विकत घ्यावे का?

आमचे आजोबा बडोदे संस्थानच्या शिक्षणखात्यात होते. निवृत्तीनंतर दरमहा पेन्शन येत राहिले आणि पैसे पुरतील की नाही, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही. त्यांच्या नातवाला तो पडतो. खाजगी दवाखाना चालविणाऱ्या डॉक्टरला पेन्शन देणारे कोणी नसते. ते विकतच घ्यावे लागते. विमा कंपनीला एकरकमी पैसे द्यावेत व तिने आपल्या हयातीपर्यंत ठरावीक रक्कम देत राहावे, असा तो व्यवहार. त्यास अ‍ॅन्युइटी म्हणतात. आपला जुना शब्द वर्षासन.

हा व्यवहार परवडत नाही, असे आमच्या बहुतेक डॉक्टर मित्रांचे मत आहे आणि त्यात तथ्यही आहे. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत २०२३ पासून माणशी ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, तेही सरकारी हमीवर. महागाई ६ टक्के धरली तर ठरावीक पेन्शनचे मोल १२ वर्षांत निम्मे होते. शिवाय संपूर्ण पेन्शन करपात्र. म्हणजे आपलेच मुद्दल हप्त्याने परत येते, त्यावरही कर!

तथापि मोठा दोष आपल्या निवडीचा आहे, असे मला वाटते. 'मृत्यूनंतर मुद्दल वारसांना परत' हा पर्याय आपण डोळे मिटून स्वीकारतो. मग उरते ती केवळ बेताच्या व्याजाची आजन्म ठेव. लवकर गेलेल्यांच्या शिलकीतून दीर्घायुषींचा निर्वाह व्हावा, हे वर्षासनाचे खरे तत्त्व. हॅले यांनी (होय, धूमकेतूवाले) १६९३ साली ब्रेस्लाव शहराच्या जन्ममृत्यूंच्या नोंदींवरून आयुष्याचे कोष्टक मांडले, तेही वर्षासनाची किंमत काढण्यासाठीच. मुद्दल परत मागणारा या भागीदारीतून बाहेर पडतो. पंचेचाळिशीत त्याचे नुकसान थोडे, सत्तरीत पुष्कळ.

माझ्याहून बरेच ज्येष्ठ असे एक सहव्यवसायी चौऱ्याऐंशीव्या वर्षीही कानाचे यंत्र घेत नव्हते. "मुद्दलाला हात कसा लावू? किती जगेन कोणास ठाऊक!" असे म्हणत. ते गेले तेव्हा सर्व ठेवी अबाधित होत्या. परदेशी स्थायिक झालेल्या मुलाला त्यांची गरज नव्हती. अखेरची पाचसहा वर्षे मात्र त्यांना नातवंडांचे फोनवरचे बोलणे ऐकू आले नाही.

म्हणून माझे मत असे : पासष्टीनंतर बचतीचा साधारण तिसरा हिस्सा, किराणा, औषधे आणि घरकामाच्या बाईंचा पगार भागेल इतकाच, वर्षासनात घालावा, तोही पतिपत्नी दोघांच्या हयातीपर्यंतचा आणि मुद्दल परत न घेण्याचा. उरलेली रक्कम आजारपण व महागाई यांसाठी हाताशी असावी. मात्र दोघांच्याही प्रकृती तोळामासा असतील तर या वाटेस जाऊ नये. ब्रिटनमध्ये आजारी माणसास अधिक वर्षासन मिळू शकते. आपल्याकडे ते देताना वैद्यकीय तपासणीच होत नाही, त्यामुळे लाभ निरोगी माणसाचा. येथे तरी डॉक्टरला स्वतःचे निदान स्वतः करण्याची मुभा आहे.

मी यंदा अठ्ठावन्न पूर्ण केली. माझा विचार ठरला आहे. सौभाग्यवतींचा होकार अद्याप मिळालेला नाही. निदान दोन्ही मुलींना विचारा, असे त्यांचे म्हणणे आहे.