खापरांची साक्ष



हिवरे बाजारच्याच अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरेकाठी नेवासे आणि दायमाबाद येथे सुमारे ३,००० वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती उत्खननात सापडली. मेलेले लेकरू ते दोन मडक्यांत, तोंडाला तोंड जुळवून ठेवीत आणि राहत्या घराच्या भुईखालीच पुरत. जवळ भांडी ठेवीत. युरोपातही त्याआधी मृताशेजारी भांडी पुरत. लेकराचे दुःख सगळीकडे सारखेच!

पोथीत या माणसांची नावे नाहीत. पुरावा खापरांत आहे. बाबासाहेबांनीही १९४६ साली ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ या ग्रंथात आर्यांच्या स्वारीचे मत पुरावे तपासूनच नाकारले. म्हणून नांगरताना जुने खापर निघाले तर फेकू नका. मुलांना दाखवा, गुरुजींना विचारा. आपला इतिहास आपल्याच पायाखाली आहे.