बॅच जॉब दुपारी चालवा

मीरा-भाईंदरच्या औद्योगिक गाळ्यांत, सीएंच्या कार्यालयांत, मालिकांचे संकलन करणाऱ्या स्टुडिओंत, जिथे म्हणून चार-सहा सर्व्हरची खोली आहे, तिथली क्रॉनटॅब साधारण सारखीच असते. बॅकअप रात्री बाराला, रिपोर्ट एकला, व्हिडिओचे ट्रान्सकोडिंग दोनला. ही सवय अकारण लागलेली नाही. दिवसा यंत्रे माणसांना मोकळी हवीत, हे एक कारण. दुसरे वीजबिलाचे. वेळेनुसार दर लावणारा टीओडी मीटर असलेल्या उद्योगांना वर्षानुवर्षे रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत युनिटमागे सूट मिळत आली. सकाळी ९ ते १२ आणि संध्याकाळी ६ ते १० जादा आकार लागायचा.

हे दुसरे कारण आता उरलेले नाही. केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये वीजग्राहक हक्कांच्या नियमांत दुरुस्ती केली. दिवसातले आठ तास ‘सौर तास’ धरायचे, त्या वेळचा दर नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्के कमी ठेवायचा आणि व्यापारी-औद्योगिक ग्राहकांना कमाल मागणीच्या तासांत किमान २० टक्के जास्त लावायचा, असे त्यात ठरले. नेमके तास आणि दर राज्याचा वीज नियामक आयोग ठरवतो; आपल्या वितरण कंपनीचा चालू आदेश काढून वाचावा. यामागचे कारण सरळ आहे. दुपारी सौर वीज मुबलक असते, सूर्य मावळला की ती जाते आणि मागणी मात्र चढलेलीच राहते. मग कोयनेचे पाणी सोडा, कोळसा जाळा. मुंबई परिसराला वीज पुरवणारे डहाणूचे ५०० मेगावॉटचे केंद्रही कोळशावरच चालते. म्हणजे आपला मध्यरात्रीचा बॅकअप बव्हंशी कोळशावर होतो.

मग कोणते काम दुपारपर्यंत थांबू शकते? शेड्युलिंगवरचे निबंध अल्गोरिदमवर थांबतात. आमच्या मते खरी अडचण त्याआधीची आहे: काम नेमके कधी हवे, हे कामांची वेळ ठरवणाऱ्या शेड्युलरला कोणी सांगतच नाही. पुण्यात पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत (आयआयटीएम) सप्टेंबर २०२४ पासून ‘अर्क’ हा ११.७७ पेटाफ्लॉप्सचा महासंगणक आहे. हवामानाच्या जागतिक नोंदी पहाटे साडेपाच, सकाळी साडेअकरा, संध्याकाळी साडेपाच आणि रात्री साडेअकरा या वेळांच्या असतात. त्यावरचा अंदाज मिनिटभरही ताटकळवता येत नाही. पुढच्या शंभर वर्षांच्या हवामानाचे सिम्युलेशन मात्र आज दुपारी चालले काय नि उद्या दुपारी चालले काय, फरक पडत नाही. दोन्ही जॉब प्रोसेसर सारखेच मागतात. वेगळी असते ती मुदत.

आणि मुदत लिहिण्यात आपण फार ढिले आहोत. महासंगणकांवर वापरल्या जाणाऱ्या स्लर्म या शेड्युलरच्या स्क्रिप्टमध्ये वेळेच्या ओळीत सात दिवस लिहिलेले असतात, जॉब चार तासांत संपतो. मध्येच तोडला जाऊ नये म्हणून परवानगी असेल तेवढा वेळ मागायचा, ही रीत. पण त्याने बॅकफिल, म्हणजे मोकळ्या फटींत छोटे जॉब बसवण्याची सोय, आंधळे होते. पुढच्या मोठ्या जॉबसाठी राखलेल्या नोडांवरची चार तासांची फट समोर असूनही शेड्युलर हा जॉब तिथे बसवत नाही, आणि ते नोड रिकामे तापत राहतात.

रिकामे म्हणजे फुकट नव्हे. गुगलचे अभियंते बरोझो आणि होल्झले यांनी २००७ मध्ये दाखवले, की सर्व्हर बहुतेक वेळ १० ते ५० टक्के भारावर असतो आणि काही काम नसतानाही कमाल विजेच्या जवळपास निम्मी वीज खातो. नवी यंत्रे सुधारली आहेत, पण छोट्या खोल्यांमध्ये जुनी यंत्रेच जास्त. म्हणून काम पसरवण्यापेक्षा दाटीने बसवा आणि मोकळी झालेली यंत्रे बंद करा. कुबरनेटीसचा शेड्युलर मुळात उलट वागतो: कमी भरलेल्या नोडला जास्त गुण देतो. ‘मोस्ट अलोकेटेड’ ही पद्धत त्यात आहे, ती मुद्दाम निवडावी लागते. क्लॉक उतरवून वीज वाचते हेही अर्धेच खरे. व्होल्टेजही उतरले तर प्रोसेसरची वीज झपाट्याने घटते, पण पंखे, मेमरी, डिस्क तेवढा जास्त वेळ चालत राहतात. अशा यंत्रावर काम लवकर उरकून ते झोपवणे बहुधा स्वस्त पडते.

दुपारचा एक तोटा लपवून चालणार नाही. खाडीकाठच्या दमट हवेत मे महिन्याच्या भर दुपारी एसी रात्रीपेक्षा जास्त वीज ओढतो. म्हणून सर्व्हरचे वॉट मोजून भागणार नाही. एसीसकट सगळ्या खोलीचा मीटर बघा. दिवसाच्या कामाला अडथळा होईल ही भीतीही रास्त आहे, पण बॅच जॉबला कमी प्राधान्य आणि कोअरची मर्यादा लावली की ती बरीचशी मिटते. आणि दिवसभराचे काम ज्यात येते तो बॅकअप रात्रीच हवा असेल, तर रात्रीच राहू द्या. हलवायचे ते ट्रान्सकोडिंग, मॉडेलचे प्रशिक्षण, जुन्या विदेचे इंडेक्सिंग.

वाचकांना विनंती एवढीच: क्रॉनटॅबमधल्या प्रत्येक ओळीपुढे ते काम खरोखर कधीपर्यंत हवे ते लिहा, थांबू शकणारी कामे एक महिना सौर तासांत चालवा आणि खोलीच्या मीटरचे आधीचे व नंतरचे आकडे आम्हाला पाठवा. बिल वाढले असेल तरी पाठवा. दोन्ही प्रकारचे आकडे आम्ही छापू.